आईला उतरता येणार नव्हतं

समोरच्या इमारतीतले मीटर जळाले त्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून घरी येत होते. आमच्या गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून उतरून चालत आले, तर सगळी माणसं वर बघत उभी. जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांनी पेट घेतला होता आणि धूर जिन्यातून थेट वर गेला होता. वरच्या मजल्यांवरचे लोक खिडक्यांशी आले होते. प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी, आणि जाळ्यांतून बाहेर आलेले हात. एक बाई तोंडाला ओला टॉवेल लावून नुसती उभी होती. ओरडतही नव्हती.

आग विझली, सगळे वाचले. पण मी घरी आले, पर्स ठेवली आणि आमच्या गॅलरीची जाळी हलवून पाहिली. पक्की होती. चोर येऊ नये म्हणून आम्हीच बसवून घेतलेली.

मी तारापूरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. तिथे आग लागली तर कुठल्या दारातून जायचं, कुठे जमायचं हे मला झोपेतही सांगता येतं. कंपनीच्या सरावात मी पुढे असते. आणि घरी आम्ही चौघं दुसऱ्या मजल्यावर, एकच जिना. नवरा केमिकल कारखान्यात पाळ्यांवर, मुलगी सहावीत, आणि आई. वडील गेल्यावर आई गावाहून, एडवणहून, माझ्याकडे आली होती. पुढे बाथरूममध्ये पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ती वॉकर धरून चालायची.

शिडी घ्यायची ठरवली. बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने रंगकामाची ॲल्युमिनियमची शिडी दाखवली. खिडकीतून खाली सोडायची हवी म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, ऐसा कोई घर में रखता है क्या?" मग मोबाइलवर शोधू लागले. सुट्टीचे दोन दिवस त्यातच गेले. दोरीच्या शिड्या हलक्या होत्या, पण पाय ठेवला की पायरी गोल फिरेल अशी भीती वाटली. साखळीची जड होती, तिला वर कठड्यात अडकवायचे दोन मोठे आकडे होते आणि पायऱ्यांना भिंतीच्या बाजूला छोटे ठोकळे. ते ठोकळे शिडीला भिंतीपासून लांब धरतात, नाहीतर चवडा ठेवायला जागाच उरत नाही.

कपडे वाळत घालायच्या दोरीला कुलूप बांधून मी ते गॅलरीतून खाली सोडलं आणि उंची मोजली. कठड्याची जाडी पट्टीने मोजली, कारण आकडा त्यावर बसला नाही तर बाकी सगळं फुकट. बेडरूमच्या खिडकीखाली पहिल्या मजल्यावरच्यांचा एसी होता, स्वयंपाकघराच्या खाली उघडं गटार. गॅलरीखाली तेवढी मोकळी फरशी होती. फॅब्रिकेटरला बोलावून जाळीत माणूस बाहेर पडेल एवढं दार करून घेतलं. त्याला कुलूप नाही, आतून सरकवायची कडी. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "चोराला वाट करून देताय." मी वाद घातला नाही. दमले होते.

नवरा सगळं बघत होता. साखळीची शिडी आली त्या दिवशी त्याने ती उचलून पाहिली आणि विचारलं, "आणि आईंचं काय?"

मी म्हटलं, "बघू."

आई तिथेच खुर्चीत बसली होती. म्हणाली, "माझा कशाला इचार करता? तुमी तिघं उतरा म्हंजे झालं."

एका रविवारी सकाळी आम्ही सराव केला. आधी नवरा उतरला, मग मी. तोंड भिंतीकडे, दोन्ही हातांनी कठडा घट्ट, आणि एक पाय खाली पायरी शोधत अधांतरी. ती पहिली पायरी सापडेपर्यंतचा वेळच काय तो वाईट. शेवटची पायरी जमिनीपासून गुडघाभर वर राहत होती. मुलगी सरसर उतरली. खाली शेजारी हसत होते. आई वरून जाळीशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी आमच्याच जिन्यात आग लागली. तशीच मीटरची पेटी, तसाच धूर. नवरा कामावर होता. मी ताप आल्यामुळे घरी होते, मुलगी नुकतीच शाळेतून आली होती. जळक्या वायरचा वास आला म्हणून दार उघडलं तर काळा धूर अंगावरच आला. दार लावलं, खालच्या फटीत ओली चादर कोंबली, अग्निशमनला फोन केला. ओले पंचे घेतले, आईला धरून गॅलरीत नेलं आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं.

जाळीच्या दाराची कडी सरकवली, आकडे कठड्यावर बसवले. खालच्या माणसांना ओरडून बाजूला केलं, शिडी सोडली. मुलीला म्हटलं, "सरावासारखंच. खाली बघू नको." ती उतरली. खाली कुणीतरी तिला धरलं.

आई म्हणाली, "आता तू उतर. पोर एकटी हाय खाली."

"माणसं आहेत तिथे."

"तिला आई पायजे. उतर तू. मी बसते हितं."

खोटं कशाला लिहू? मी उतरायला लागले होते. एक पाय जाळीबाहेर टाकला होता, पायरीवर टेकवलाही होता. आईने मला धरलं नव्हतं, उलट तिचा हात माझ्या पाठीवर होता, ढकलत होता. त्या हातामुळेच बहुधा मला पुढे जाववेना. मी पाय आत घेतला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. दोघींच्या तोंडावर ओले पंचे होते. खाली मुलगी हाका मारत होती आणि मी दर वेळी ओ देत होते.

अग्निशमनचे लोक आले. धूर ओसरल्यावर त्यांनी आईला खुर्चीत बसवून, उचलून जिन्याने खाली आणलं. नवरा धावत आला तेव्हा ती सावलीत बसून पाणी पीत होती.

आठवड्याभराने ती म्हणाली, "मला एडवणला पोचव. तुझ्या भावाचं घर बैठं हाय."

"इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काय नाय. माझ्यापायी तू अडकलीस. परत नाय अडकायचं."

मी तिला थांबवायला हवं होतं. एकदा म्हटलं, "राहा ना," पण आवाजात जोर नव्हता, आणि ते तिला कळलं. तिचं आंघोळपाणी, औषधं, पाळ्या, शाळा हे सगळं करून मी आतून थकले होते. ती जाते म्हणाल्यावर मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

भावाच्या घराला एकच पायरी आहे, तिला तिथे अंगणात जाता येतं. रविवारी पालघरला बस बदलून मी जाते. बोलायचं बरंच ठरवलेलं असतं. पण जेवण झालं की ओटीवर माझे डोळे मिटतात. आई उठवत नाही. बसची वेळ झाली की तेवढी हलकेच हाक मारते.