गाठीत शिवलेला फलक

बायकांच्या मोर्च्यांचे जुने फलक जमवायचं माझं वेड पुण्यातल्या आमच्या मागच्या खोलीला पुरून उरलंय. घरचे म्हणतात, हिला रद्दीवाल्याच्या घरीच द्यायला हवं होतं. भिवंडीचा फलक आणायचं मात्र मी रस्त्याच्या धास्तीनं पुढं ढकलत होते. मग भिवंडीजवळच्या कोन गावच्या बेबीताईंचा फोन आला. "बाय, लगोलग ये. भाच्यानं दापोड्याचा गोदाम साफ केलाय. तिथं ठेवलेला आपला फलक न्हाय!"

कापडाच्या लूम कारखान्यांत सुताची कांडी भरणाऱ्या बायकांचा मोर्चा बेबीताईंनी काढला होता. मागणी एकच, कारखान्यात बायकांसाठी संडास. हौसा नावाच्या बाईनं कोऱ्या कापडावर ती लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. पुढं तापानं ती गेली. तिचा फोटो नाही. राहिलं होतं ते एवढंच अक्षर.

सकाळच्या गाडीनं कल्याण गाठलं. तिथून कोनला शेअर रिक्षा मिळते, स्वस्त पडते. फक्त नाकाला रुमाल बांधा. बेबीताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. तांदळाची भाकरी नि सुकट त्यांनी फडक्यात बांधून हातात दिली. "रिक्षात खा. ट्रक भरतंय भाचा."

रांजणोली नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत आमची रिक्षा रुतून बसली. भाकरी मी पुन्हा फडक्यात बांधली. तुम्ही दापोड्याला जाणार असाल तर हाताशी निम्मा दिवस जास्तीचा ठेवा. आमच्याकडे तो नव्हता.

पोचलो तेव्हा ट्रकला ताडपत्री बांधणं चाललं होतं. भाचा नीलेश कानाला फोन लावून उभा होता. जुनं कापड म्हणून फलकही मालाच्या गाठीच्या, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्याच्या, वेष्टनाला गेला, हे त्यानं सहज सांगितलं. कुठल्या गाठीला? ते ओळखायची सोय नव्हती. वेष्टनावर पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, मार्का मारायला बाहेरून कोरी बाजू लागते; लिहिलेली बाजू आत घालूनच शिवतात.

"मैडम, गाड़ी भर गई। अब मत खुलवाओ," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला.

नीलेशनं फोन खाली घेतला. "आत्या, बिल झालंय. गाठ फुटलेली दिसली तर पार्टी माल परत करेल."

बेबीताई ट्रकच्या पुढ्यात गेल्या आणि मांडी घालून बसल्या.

"ऊठ आत्या. लोक बघतायत."

"तवा बी बघत व्हती."

ड्रायव्हर चडफडत खाली उतरला. खोटं कशाला सांगू, मला भयंकर भीती वाटत होती, पण मीही त्यांच्या शेजारी बसले. शेवटी नीलेशच म्हणाला, "उसव. पण परत तूच शिवून द्यायची. जशीच्या तशी."

हमालांनी ताडपत्री सोडून गाठी खाली घेतल्या. या गोदामात बेबीताईंनी पूर्वी गाठी शिवल्या होत्या. त्या दाभणानं सुतळी काढत होत्या, मी कापडाची कड उचलून आत डोकावत होते. पहिली कोरी. दुसरी, तिसरी कोरीच. हमाल घड्याळ बघायला लागले. पुढच्या गाठीची कड उचलली आणि लाल रंगाचा उकार दिसला.

"हौसाचाच हाय," बेबीताई म्हणाल्या. "उकार असाच मोठा काढायची." आणि तिथंच त्यांना रडू फुटलं. नीलेशनं त्या गाठीसाठी नवं कापड आणून दिलं.

पुण्यात आल्यावर फलक उलगडला. मागच्या बाजूला काळा मार्का ठसठशीत उमटलेला. जुनं कापड दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, बराचसा निघेल. मी बेबीताईंना फोन करून विचारलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आमच्या पाठीवर काय ठोकलं, ते बी दिसू दे लोकांना."

म्हणून हा फलक भिंतीवर लावला नाही. खोलीच्या मधोमध दोरीवर टांगलाय, म्हणजे माणसाला मागं जाऊनही बघता येतं.