अक्कांची जीप

दारात माणूस दिसला की अक्का "या" म्हणत नसत, "काय पाहिजे?" विचारत. लग्न होऊन मी पुण्याहून त्या घरात आले, तेव्हा माझंही स्वागत तसंच झालं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं सासर पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातल्या नव्हे, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत राहिलेलं. माझं मराठी त्यांना नाटकी वाटे आणि त्यांचं मला उर्मट.

मोठे दीर अचानक गेले, तेव्हा त्यांची जुनी जीप अंगणात होती. इंजिन जागेवर, खालचा सगळा भाग सुटा. गणपतीच्या आत ती भंगारात द्यायची, असं सासूबाईंनी ठरवलं. "बेडा, नको. कुणी हात लावायचा नाही," म्हणून अक्का स्वतःच जोडायला बसल्या. नवऱ्याच्या आठवणीनं रडत नव्हे, त्याला शिव्या घालत. "उघडून ठेवलं न् गेला. जन्मभर हेच केलं त्यानं."

सगळं अडलं ते रबरी बुशांपाशी. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाला गोल भोक असतं, त्यात बुश, म्हणजे नळकांड्यासारखा रबराचा तुकडा, घट्ट बसावा लागतो. तो शिरेचना. माझा नवरा म्हणाला, "अक्का, स्वल्प घासून बारीक करा, पटकन जाईल."

"तुझं डोकं घास. सैल बुश घालून गाडी खडखडवू काय?"

तो आत निघून गेला. मग मला हाक आली. बुशाला साबणाचं पाणी लावून, लांब बोल्ट घालून तो खेचायचा होता. एकीनं बोल्ट धरायचा, दुसरीनं नट आवळायचा. अर्धा गेला आणि तिरपा होऊन उसळला, तो थेट माझ्या ओठावर. रक्त आलं.

"दात आहेत ना?" अक्का म्हणाल्या.

मी पाना आपटला. "भावोजी गेले म्हणून सगळे तुमचं ऐकून घेतात. नाहीतर या घरात तुम्हाला कुणी उभं केलं नसतं!"

त्यांनी पडलेला पाना उचलला. "ठाऊक आहे. म्हणूनच जोडतेय."

मी ओठ पुसला. "सरी, ठीक आहे. पाना धर," त्या म्हणाल्या. या खेपेला बुश सरळ गेला.

गणपतीच्या आधीच जीप सुरू झाली. अक्कांनी दोन ट्रंका टाकल्या आणि कोलारला माहेरच्या रिकाम्या घरी राहायला निघाल्या. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. मी ऑफिसला निघाले होते, तर अक्का म्हणाल्या, "बस." माझं ऑफिस व्हाइटफील्डला, त्यांच्या वाटेवरच.

उतरताना मी म्हटलं, "अक्का, तिथं एकट्या..."

"माझी काळजी नको. आता त्या घरात बोलणी खायला तूच उरलीस."

तसंच झालं. अक्का मला आजही आवडत नाहीत. पण घरात फार झालं की मी कोलारला जाते आणि त्यांच्याशी मनसोक्त भांडून येते.