कोपऱ्यातला ट्राय

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

आधी अभिमानाचं सांगतो, तेही खरंच आहे. बाबांनी एडिसन गावातल्या किराणा दुकानात तांदळाची पोती उचलली. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. तेरा-तेरा जणांचं रग्बी लीग इथे अमेरिकेत कोण खेळतं? मी खेळलो — आणि जोरात खेळलो. टॅकल बाबांनीच शिकवलं. ते सांगलीचे, कबड्डीवाले. बेसमेंटमध्ये मला घोट्याला धरून आडवा करायचे. त्यांचा नियम एकच — हात लागला, की पंचाकडे बघायचं नाही. आपणच हात वर करून बाहेर जायचं.

मग ती फायनल. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी मागे. रेषेपलीकडे चेंडू हातातून न सुटता जमिनीला टेकवला की ट्राय, चार गुण. मी कडेनं सुटलो — काय पळालो होतो यार, आजही मांड्यांना आठवतं. दोघं अंगावर होते, तरी कोपऱ्यात झेप घेतली. शिट्टी वाजली. कप आमचा. बाबा त्या वयात कुंपण चढून मैदानात आले.

गाडीत त्यांनी विचारलं, "नीट टेकवलास ना रे?"

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला त्यांनी पेढे दिले.

त्याच झेपेच्या क्लिपवर मला कॉमेंट्रीचं काम मिळालं. क्लिपमध्ये चेंडू दिसत नाही, माझ्या अंगाखाली आहे. आज मी टीव्हीवर दुसऱ्यांचे ट्राय रिप्लेत तपासतो — सुटला, बाद. लोकांना माझा कडकपणा आवडतो. कामात मी उत्तम आहे. उगाच नम्रपणा कशाला?

गेल्या शनिवारी एका खेळाडूनं स्वतःच रेफरीला सांगितलं, चेंडू सुटला होता. त्याची टीम हरली. मी माइकवर त्याचं तोंडभरून कौतुक केलं. घरी पोचतोय तोच बाबांचा फोन.

"तो पोरगा तुझ्यासारखा निघाला."

"हो, बाबा," म्हणालो मी. पुन्हा.

माझा चेंडू टेकायच्या आधीच सुटला होता. बोटांना तेव्हाच कळलं होतं. मी उठलो, हात वरही केला — जिंकल्याचा.