नदीकाठची पाटी मी वाचली होती

मिलिंदला हे अजून माहीत नाही — आणि तो माझा नवरा आहे, त्याच्या घोरण्याच्या तक्रारीसुद्धा मी रोज न चुकता करते. पण हे नाही. हे कुणालाच नाही.

आम्ही क्राइस्टचर्चला, हॉर्नबी उपनगरात राहतो. मी फार्मासिस्ट. औषधांवरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचणं हे माझं काम, हे आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली. नारळ फोडला. ऑक्टोबरात इथे वसंत, झेंडू कुठला? डॅफोडिलचा हार घातला आणि सीमोल्लंघनाला नदीकडे निघालो. माझ्या डोक्यात मात्र फोटो होता — मागे बर्फाचे डोंगर, पुढे हार घातलेली आमची गाडी. पुण्याच्या जाऊबाईंनी नुकतेच त्यांच्या नव्या गाडीचे ढीगभर फोटो पाठवले होते ना. हसा, मलाही हसू येतं.

नदीपात्राच्या तोंडाशी पाटी होती. मिलिंद म्हणाला, "बघ गं जरा, काय लिहिलंय." मी उतरले. वाचलं — पक्ष्यांच्या घरट्यांचा हंगाम, गाड्यांना बंदी, आत नेल्यास खटला. नीट वाचलं. आणि परत येऊन काय म्हणाले?

"डॉग्ज नाही न्यायचे म्हणे. आपल्याकडे कुठे डॉग? चल, स्वीट ॲज, एकदम ओके."

फोटो झकास आला. तेवढ्यात एक रेंजरबाई "किआ ओरा" म्हणत हसतमुखाने आल्या. मग त्यांची नजर आमच्या चाकांच्या खुणांवर गेली. नदीतल्या गोट्यांसारखीच ठिपकेदार अंडी — फुटलेली. वर दोन पांढरे पक्षी ओरडत घिरट्या घालत होते. मला फार वाईट वाटलं. फोटो मी तरीही पाठवला.

पाटी दिसली नाही का, असं बाईंनी विचारलं. माझं तोंड उघडायच्या आत मिलिंद म्हणाला की चूक त्याचीच, त्यानेच बघितलं नाही. मी उतरले होते, हे त्याने सांगितलंच नाही. आणि मी? मी ओढणी सारखी करत उभी राहिले.

कोर्टातही तो तेच बोलला. चालवणाऱ्याने पाटी स्वतः वाचायची असते, असं न्यायाधीशांनी सुनावलं. दंड झाला, गुन्हा त्याच्या नावावर लागला. त्यापायी त्याचा नागरिकत्वाचा अर्ज अडकला. माझा सहज मंजूर झाला. तो मित्रांत हा किस्सा अजून रंगवून सांगतो, स्वतःला वेंधळा म्हणवून घेतो. सगळे हसतात. मी चहा ओतते.

नागरिकत्वाच्या समारंभात मी इथले कायदे प्रामाणिकपणे पाळण्याची शपथ घेतली. मिलिंद समोर पाहुण्यांत बसला होता. सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या.