आबांचा कडुनिंब

बमरोलीच्या आमच्या बागेतली पानं रमणभाई माळी रोज सकाळी झाडून नेतो. किस्से मात्र कोणी झाडत नाही, त्यामुळे ते आमच्या बाकड्याखाली साचत गेलेत. बाकडं तिघांचं. मी, गिरणीत कापड तपासण्यात जन्म घालवलेला. सुमनताई, ज्यांचे मिस्टर रेल्वेत होते आणि ज्या पक्ष्यांसाठी पाणी भरून ठेवतात. आणि भास्करआबा, लूम दुरुस्त करणारे जॉबर. लूमच्या खडखडाटात आबांचे कान गेले. होळीनंतर महापालिकेची सुकी झाडं तोडायची यादी आली आणि त्यात आबांचा कडुनिंब निघाला, तेव्हापासून सगळं फारच आठवतंय.

*

हे झाड आबांनी धुळ्याकडच्या गावाहून एसटीने आणलं, तेलाच्या डब्यात, मांडीवर धरून. कंडक्टरने विचारलं, "याचं तिकीट?"

आबा म्हणाले, "दोनच पानांचा शे. अर्धं बी लागत नही!"

कंडक्टरही खानदेशीच निघाला. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं. तेव्हा इथे बाग नव्हती, नुसती बाभळी वाढलेली मोकळी जमीन होती. गाव सुटलं ते सुटलंच, पण निमाखाली बसलं की गावाकडे जाऊन आल्यासारखं वाटतं, असं आबा आजही म्हणतात. खरं सांगायचं तर मलाही वाटतं.

*

पक्ष्यांच्या बातम्या आबांना सुमनताई देतात. एकदा कोकीळ सकाळपासून थांबेचना. ताई आबांच्या कानाशी ओरडल्या, "आबा, कोकीळ एकसारखा ओरडतोय!"

"युनियनना लीडर व्हई," आबा म्हणाले. "पाच दिन वरडी, मंग शेठनी गाडीमा बशी जाई."

*

कुंपणापलीकडे लूमची खाती, म्हणजे कारखाने, आहेत. तिथला धाग्याचा कचरा वाऱ्याने बागेत येतो. एका शिंपी पक्ष्याने त्यातला गुलाबी पॉलिस्टर उचलून जास्वंदीची दोन पानं शिवली आणि आत घरटं केलं. एक टोक तेवढं लोंबत होतं. लोंबता धागा दिसला की जॉबरचे हात गप्प बसत नाहीत. आबांनी चिमटीत धरून पक्की गाठ मारली.

पक्षी दोन दिवस फिरकला नाही. आबांना चहा गोड लागेना. "मी काय करी बसनू," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी पक्षी आला, चोचीने गाठ उसवली आणि टोक पुन्हा होतं तसं लोंबतं ठेवलं.

ताई म्हणाल्या, "आबा, तुमचा पीस रिजेक्ट!"

*

हा माझा गाढवपणा. वाळवी लागू नये म्हणून निमाला गेरू-चुना लावायचा होता. गेरू कमी पडला, म्हणून मी गिरणीतल्या ओळखीच्या रंगमास्तरकडून रंग आणला. तो निघाला शेंदरी. चार दिवसांत बुंध्याशी नारळ आले, उदबत्त्या आल्या. एक बाई तर मुलाच्या दहावीसाठी नवस बोलून गेली. आता झाडायचं कुठे, हे रमणभाईला कळेना; हात जोडून म्हणाला, "भाऊ, हवे मारे झाडू क्यां मारवुं?"

ताईंनी नारळ फोडून सगळ्यांना वाटले आणि मला आणि आबांना खोड घासायला बसवलं. मुलगा पास झाला म्हणतात.

*

गेल्या दोन वर्षांत निम शेंड्याकडून वाळत आला. रमणभाईने औषध मारलं, आळं केलं, शेणखत घातलं. अर्धं झाड फुटलं, अर्धं तसंच राहिलं. मग ती यादी आली, आणि तिच्यापाठोपाठ एका सकाळी करवतीची मशीन घेऊन माणसं आली. सुपरवायझर तरुण होता, पण बोलायला नीट. "काका, सूखा है. किसी के ऊपर गिरेगा तो?" त्याचंही खोटं नव्हतं. रमणभाई म्हणाला, "अर्धुं लीलुं छे, साहेब." अर्धं हिरवं आहे हे खरंच होतं, पण त्याचा आवाज खाली गेला होता.

आबांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. ते उठले आणि हाताला लागणाऱ्या एका वाळक्या फांदीवर त्यांनी तळवा ठेवला. डोळे मिटले. आबा झाडाचा निरोप घेताहेत असं वाटून मी मान वळवली. मला ते बघवेना. ताईंनी पदर तोंडाला लावला.

पण मी आबांना खात्यात पाहिलेलं होतं. शंभर लूमच्या गोंगाटात कुठली चालते, कुठली अडते हे कानाला कळत नाही. जॉबर लूमच्या अंगावर असाच हात ठेवतो.

आबांनी डोळे उघडले. "चालू शे," म्हणाले.

सुपरवायझर हसला. मग आबांचं मन राखायला त्याने हातमोजा काढला आणि त्यांच्या शेजारी आपला तळवा टेकवला. त्याचं हसू थांबलं. हात तसाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने माणसांना थांबायची खूण केली. आबा थोडे सरकले. मग ताईंनी हात लावला, रमणभाईने लावला, शेवटी मी. फांदीच्या आतून बारीक, एका लयीत ठोके येत होते.

तेवढ्यात फांदीच्या पोटाशी असलेल्या गोल भोकातून एका तांबट पक्ष्याने लाल कपाळ बाहेर काढलं, आम्हा पाचही जणांकडे बघितलं, चोचीतला भुसा सुपरवायझरच्या यादीवर टाकला आणि परत आत गेला.