तिच्या अंगणातले पाहुणे

प्रवचन ऐकून सरळ घरी जेवायला न जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माजरीत आमच्या घरासमोर राहायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. बाकीची मंडळी चर्चमधून निघाली की पास्टर काय बोलले हे फाटकापाशीच विसरतात, आणि मला वाटतं पास्टरांनाही ते सोयीचंच असतं. आमचे भाऊ मात्र ऐकलेला शब्द हुकूम म्हणून घेत. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत डंपर चालवलेला माणूस. वरून सांगितलं की गाडी हलवायची, एवढंच त्यांना ठाऊक. एका रविवारी आजाऱ्यांची विचारपूस करण्यावर प्रवचन झालं आणि भाऊ, त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, भरून दिलेला डबा घेऊन, थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात. ओळखीचं कोणी नव्हतंच. पहिल्या खाटेवरच्या माणसाला उठवून त्यांनी वरणभात चारला, त्याचे पाय चेपले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तो निघाला रोग्याचा मेहुणा. रोगी एक्स-रे काढायला गेला म्हणून बिचारा जरा आडवा झाला होता. हे ऐकून मी हसायला लागलो तर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "मंग काय झालं मास्तर? थो बी थकलाच होता ना."

त्यांची प्रार्थना हे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र होतं. डंपरच्या इंजिनापुढे बोलून बोलून आवाज असा झालेला की देवाशी केलेली गुजगोष्टसुद्धा पाणीटाकीपर्यंत पोचायची. जेवणाआधी ते सगळ्यांची नावं घेत, आणि बाई समोर निवत चाललेल्या भाकरीकडे बघत बसत. "आन प्रभू, समोरच्या मास्तरच्या पोरीचं गणित कसं हाय, तुले तं मालूमच हाय," हे ऐकून माझी मुलगी एकदा दिवसभर घराबाहेर पडली नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माह्या गुडघ्याचं बी असंच गावभर केलं जी यायनं. आता बाजारात भाजीवालीबी इचारते."

असा हा माणूस. त्यांच्याबद्दल सांगताना लोक हसतात, मीही हसतो. पण जिवतीकडच्या डोंगरावर जे घडलं ते सांगताना मला हसू येत नाही.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं माहेर तिकडचं. डोंगरावर एक गुडा, म्हणजे मोजक्या घरांची वस्ती. त्यांची विधवा मावशी तिथे एकटी राहायची. वस्तीतली दोन लेकरं एकापाठोपाठ तापाने गेली आणि कुणीतरी म्हणालं, हिनेच करणी केली. मग तिला विहिरीवर येऊ देईनात, तिच्याशी बोलेनात. आता तिला हाकलून लावायचं चाललं होतं. खिचडीवाल्या बाई हे सांगताना रडल्या. मी संध्याकाळी ते भाऊंच्या कानावर घातलं. त्या रविवारी नेमकं 'शेजाऱ्यावर प्रीती करा' यावर प्रवचन झालेलं.

"मंग जाऊन राहू तिच्याघरी," भाऊ म्हणाले.

"राहून काय करणार?"

"काई नाई. शेजारी काय करते? राह्यते."

भाऊंच्या बाईंनी आत जाऊन त्यांची वळकटी बांधली. वृद्ध माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून शाळेला सुट्टी टाकून मीही निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. म्हातारी दाराआड उभी होती. आम्ही मारायलाच आलो असं तिला वाटलं. भाऊंनी अंगणातली बाज ओढून मधोमध टाकली, वर बसले आणि त्या डंपरच्या आवाजात म्हणाले, "बाई, पानी देता का? लय दुरून आलो."

घराघरांतून माणसं बाहेर आली. म्हातारी थरथरत तांब्या घेऊन आली. कुंपणाबाहेरून एकजण ओरडला, "भाऊ, पिऊ नोका! मराल!" भाऊंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग भाकर मागितली. तीही तिच्या हातची, तिच्या ताटात. जेवून ते बाजेवर आडवे झाले आणि लगेच झोपी गेले. लोक कुंपणाला धरून बघत राहिले. मध्येच त्यांचं घोरणं थांबलं तशी एक बाई किंचाळली, "गेला!" भाऊंनी एक डोळा उघडून विचारलं, "कोन गेला?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण ते हसू टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार-सहा जण काठ्या घेऊन अंगणात आले. पुढे एक तरुण बाप होता, डोळे तारवटलेले. त्याचंही लेकरू तापाने फणफणलं होतं.

"बाजू व्हा," तो म्हणाला. "तिनं माह्या पोरीले धरलं हाय."

भाऊ उठून दारात उभे राहिले. मी त्यांच्या मागेच होतो. दोन्ही हातांनी त्यांनी चौकट धरली होती. आवाज आयुष्यात पहिल्यांदाच हळू आला.

"मले मार आधी. मी कुठी जात नाई. पन पोरगी हाय ना जित्ती? मंग काठी काऊन धरून राह्यला? पोरीले धर. हा मास्तर जीप आणते. दवाखान्यात नेऊ, मंग वापस येऊन मार मले. मी इथीच हाव."

 तो बाप काठी टाकून मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. मी खालच्या गावाकडे पळालो, जीप घेऊन आलो. जीपमध्ये त्याची बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली. भाऊ आले नाहीत. बोलल्याप्रमाणे ते म्हातारीच्या दारातच राहिले.

मलेरिया होता. पोरगी वाचली.

म्हणून सगळं एकदम गोड झालं असं नाही. मी शाळेसाठी परतलो आणि सुट्टीच्या दिवशी फेरी मारत राहिलो. भाऊ मात्र महिनाभर तिथेच राहिले, रोज म्हातारीबरोबर विहिरीवर जात राहिले, आणि कित्येक दिवस त्या दोघांना पाहून बाकीच्या बाया बाजूला सरत. एकदा वस्तीच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने त्यांना विचारलं, "आमाले तुमच्या देवात नेऊन राह्यले का तुमी?" भाऊ म्हणाले, "नाई जी. माह्या देवानं मले इथी धाडलं, तुमाले कुठी नेवाले नाई सांगतलं."  काही दिवसांनी आपल्या देवाच्या पूजेला पुजाऱ्याने म्हातारीला स्वतः बोलावलं.

भाऊ माजरीला परतल्यावर मी विचारलं, "भाऊ, भीती नाही वाटली?"

"लागली ना. मनलं, हा मारतेच आता." वळकटी सोडत ते म्हणाले, "पन थे बाई तं रोजच भ्याऊन राह्यली होती ना मास्तर. एकटी."

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. समोरच्या घराला आता कुलूप आहे.

उन्हाळा लागताना मी एकटाच त्या गुड्यावर जाऊन आलो. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. म्हातारीच्या अंगणात पाचसात बाया वाळलेली फुलं निवडत बसल्या होत्या. तो तरुण बाप छपराला कौलं घालत होता आणि त्याची पोरगी खालून त्याच्यावर हुकूम सोडत होती. "या मास्तर," म्हातारी म्हणाली. बाया जरा सरकल्या आणि मला चटईवर जागा झाली. पाऊसपाणी निघालं, कुणाच्या लग्नाचं निघालं. भाऊंचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. सूपभर फुलं माझ्यापुढे सरकवली गेली. सगळ्यांच्या बोलण्यात बोलणं मिसळत, ऊन उतरेपर्यंत मी ती निवडत बसलो.