यूपीएस ओरडला की

दिल्लीच्या द्वारकेत आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीचा रंग नवा होता, पाणी टँकरचं होतं आणि लाइट मनाला येईल तेव्हा. कॉम्प्युटर घरात आला तो सुनेच्या पीएचडीसाठी. नोकरी सांभाळून ती प्रबंध लिहीत होती. लाइट जाऊन दोनदा सगळं टाइप केलेलं पुसलं गेलं, तेव्हा मुलाने टेबलाखाली यूपीएसची पेटी आणून ठेवली. लाइट गेली की ती टीं टीं ओरडायची आणि कॉम्प्युटर थोडी मिनिटं चालू ठेवायची. तेवढ्यात सेव्ह करायचं.

सून मध्येच उठून जायची, कुकर बघायला, फोन घ्यायला. म्हणून तिने मला शिकवून ठेवलं. मी चौथी पास, तीही मराठी शाळेत. तिने कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर आपली टिकली चिकटवली. "हे दाबून धरायचं आई, आणि हा एस." एस मला लगेच समजला. गोष्टीच्या पुस्तकात 'बाबाऽ' अशी हाक लांबवतात, ती खूण.

शेवटचं प्रकरण उद्या गाईडला द्यायचं होतं, नाहीतर सगळं पुढच्या वर्षावर जाणार. रजा काढून सकाळपासून ती बसली होती. टँकर आला तशी बादल्या घेऊन खाली पळाली आणि मागोमाग लाइट गेली.

पेटी ओरडायला लागली. मी टिकली दाबली, ऽ दाबला. पडद्यावर एक चौकट उघडली. असं आधी कधी झालं नव्हतं. मी गॅलरीत गेले.

"अगं, चौकट आलीय."

"नाव विचारतंय आई. नवीन फाइल आहे, नाव द्यायचं राहिलं."

रांगेतल्या पंजाबी शेजारणीने वर बघितलं. "कौन नाम पूछ रहा है, आंटीजी?"

"कम्प्यूटर."

"तो बता दो जी, शरमाना कैसा."

रांग हसली. सून हसली नाही. लिफ्ट बंद, आम्ही चौथ्या मजल्यावर. ती चढून येईपर्यंत पेटी गप्प झाली असती. तिथूनच ओरडली, "काहीही नाव द्या. मग बाणाचं मोठं बटण दाबा."

काहीही म्हणजे काय? मला एकच अक्षर येत होतं. तेच दाबत राहिले, मग बाणाचं बटण. चौकट गेली. जरा वेळाने पडदाही काळा झाला.

सून वर आली ती बादल्या दारात ठेवून कॉम्प्युटरसमोर बसली. "लाइट नाही, बसून काय बघणार?" मी म्हटलं. ती उठली नाही, जेवलीही नाही.

संध्याकाळी लाइट आली. फाइल होती. प्रकरण अख्खं होतं. वर नावाच्या जागी नुसती एसची रांग.

"आई, एक एस पुरला असता."

"त्याला कितपत ऐकू येतं, मला काय माहीत."

मग तिने ते फ्लॉपीवर घेतलं, फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली, "वाढा." मी वाढलं. दुपारचं आणि रात्रीचं एकदमच जेवली.